कुणी लिहिलं, कुणी टाकलं

तिसऱ्या दिवशीही धुकं रस्त्यावरून उठायला तयार नव्हतं. समोरच्या सायकलवाल्याचं दुकान दिसत नव्हतं, नुसता त्याच्या पंपाचा फुसफुस आवाज येत होता. अशा हवेत काकूंचं काम वाढतं. थंडीने शिलाई मशीनमधलं जुनं तेल मेणासारखं थिजतं, चाक हलत नाही, आणि माणसं मशीन खांद्यावर घेऊन सकाळी सकाळी शटरसमोर उभी राहतात. "काकू, काल संध्याकाळपर्यंत चांगली चालत होती हो!"

"मशीन म्हणजे काय पोर आहे, संध्याकाळी खेळलं नि सकाळी तापाने फणफणलं?" काकू म्हणतात. "शेवटचं तेल कधी घातलंत ते सांगा. खरं सांगा. मी काही मारत नाही."

त्या बुधवारी पहिली मशीन पॅन्ट शिवणाऱ्या एका बाईची होती. काकूंनी ती आडवी केली, पोटात रॉकेलचे चार थेंब सोडले, चाक दोन्ही हातांनी धरून मागेपुढे हलवत राहिल्या. जोर नाही लावायचा, मनवायचं. दहाएक मिनिटांनी चाक सुटलं. मग जुन्या टूथब्रशने काळा चिकटा काढला, ताजं तेल दिलं, सुई बदलली, चिंधीवर एक टीप मारून बघितली.

खोली नऊ बाय बाराची. भिंतीला पत्र्याचे डबे, डब्यावर चुन्याने आकडे. दुकान वडलांचं. त्यांच्यामागे काकूंनी चालवलं त्याला पस्तीस वर्षं होतील. नवरा बेकरीत कामाला, पहाटे जातो नि दुपारी पिठाने पांढरा होऊन येतो; त्याला मशीनमधलं ओ की ठो कळत नाही आणि तो ते काही लपवतही नाही. कोपऱ्यात एका जुन्या मशीनच्या लाकडी झाकणाखाली कॉम्प्युटर. कापसाचे तंतू आत जाऊ नयेत म्हणून हे झाकण. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं तिथे आणखी एक मशीनच आहे.

एका अर्थी आहेच. त्या झाकणाखालून काकू एक यादी चालवतात. मेलची यादी. यादीचा एक पत्ता. त्या पत्त्यावर कुणीही सभासदाने मेल टाकली की ती बाकी सगळ्यांना जाते. सगळे म्हणजे तीनशे ऐंशी. सगळे शिलाई मशीन दुरुस्त करणारे. चौदा वर्षांपूर्वी सात जणांवर सुरू झाली. कुणाचा टाका सुटतो, कुणाची बॉबिन अडकते, कुणाकडे अशी मशीन येते की तिची कंपनी आजोबांच्या काळात बुडालेली. विचारलं की कुठून तरी उत्तर येतं.

यादीची तांत्रिक बाजू बघतात भाऊजी, म्हणजे काकूंचे धाकटे दीर. टेलिफोन खात्यातून निवृत्त, वरच्या मजल्यावर राहतात, लग्न केलं नाही, आणि आयुष्यात एकही कागद फेकलेला नाही.

बाई मशीन घेऊन गेल्या. काकूंनी हात पुसले, झाकण उचललं, मेल उघडली. सगळ्यात वर तात्यांचं पत्र होतं.

तात्या म्हणजे शटलचं टोक काढणारे म्हातारे. जुन्या मशीनचं शटल फिरताना सुईचा दोरा ज्या टोकाने पकडतं, ते टोक झिजतं. झिजलं की टाके चुकतात. नवं शटल मिळत नाही. मग ते डबीत घालून तात्यांना पाठवायचं, तात्या तेलदगडावर घासून त्याला नवं टोक काढून देतात. दुसऱ्या गावी राहतात. काकूंनी त्यांना उभ्या जन्मात दोनदा पाहिलंय. पण तीनशे ऐंशी जणांत असं टोक काढणारा दुसरा हात नाही.

सोमवारी काकूंनी यादीवर सहज लिहिलं होतं: शटलं पोचली, या खेपेला टोक फार नाजूक निघालंय, तात्या, दगड बदललात का?

तात्यांचं उत्तर असं होतं:

"पोरी, दगड नाही बदलला, हात बदलला. वर्ष झालं, मला टोक दिसत नाही. बोटाने चाचपतो तेवढंच. सून घासते. तुझ्या एकटीच्या कानावर घालतो. बाकीच्यांना इतक्यात बोलू नकोस, माझं मी बघून सांगेन. माणसं हात बघून शटल पाठवत नाहीत, नाव बघून पाठवतात."

काकूंनी ते वाचलं आणि सवयीने नजर वरच्या ओळीवर गेली. कुणाला, तर यादीला. तीनशे ऐंशी जणांना.



दुपारपर्यंत अकरा मेली आल्या. बहुतेक भल्या होत्या. तात्या, डोळ्यांना जपा. तात्या, माझ्या मावशीने ऑपरेशन केलं, तिला आता सुईत दोरा ओवता येतो. पण बारावी मास्तरांची. मास्तर शिवणकामाची शाळा चालवतात. तिथे जुन्या मशीनी साठ, आणि तात्यांकडे सर्वात जास्त शटलं त्यांचीच जातात. त्यांनी लिहिलं: "आम्ही तात्यांच्या हातावर भरवसा ठेवला, सुनेच्या नाही. वर्षभर आम्हांला अंधारात ठेवलं. माझी नऊ शटलं तुमच्याकडे आहेत. हात लावला नसेल तर तशीच परत करा."

तीनच्या सुमारास यादीच्या यंत्राने आपोआप निघणारी सूचना पाठवली. एक सभासद यादीतून बाहेर पडला. पत्ता तात्यांचा.

काकूंनी फोन केला, कुणी उचलला नाही. पुन्हा केला. मग मोजपट्टी घेऊन त्यांनी छताला तीनदा ठोकलं.

भाऊजी मफलर गुंडाळून, हातात चहाचा कप घेऊन उतरले. "वहिनी, एक दिवस हे छत खाली येईल."

"येऊ दे. निदान तुम्ही तरी लवकर याल. हे बघा. तात्यांनी मला लिहिलं. मला एकटीला. ते साऱ्या दुनियेला कसं गेलं?"

"त्यांनी रिप्लाय दाबलं."

"दाबणारच. माझ्या मेलला उत्तर द्यायचं म्हणून दाबलं. मग ते मला यायला नको?"

भाऊजी कपात बघायला लागले. चहात काही पडल्यासारखं.

"भाऊजी."

"यायला हवं होतं खरं," ते म्हणाले. "पण चौदा वर्षांपूर्वी तुम्हीच म्हणालात, भाऊजी, उत्तरं ज्याची त्याला जातात, बाकीच्यांना दिसतच नाहीत, काहीतरी करा. मी एक ओळ घातली."

"कसली ओळ?"

मग भाऊजींनी त्यांना ती गोष्ट दाखवली, जी चौदा वर्षांत दाखवली नव्हती. मेल उघडली की आपल्याला नाव दिसतं, विषय दिसतो, मजकूर दिसतो. पण त्याच्या वर एक भलीमोठी चिठ्ठी घडी घालून ठेवलेली असते. एका ठिकाणी दाबलं की ती उलगडते. चाळीस-पन्नास ओळी. काकूंनी सुईचं नाक बघायचा भिंगाचा चष्मा चढवला आणि खुर्ची पुढे ओढली. तात्यांचं दुःख क्षणभर बाजूला राहिलं. मशीनचं पोट पहिल्यांदा उघडल्यावर व्हायचं तसं त्यांचं झालं.

"ही काय?"

"ही शिक्क्यांची रांग. मेल ज्या ज्या ठाण्यावरून गेली त्याने आपला शिक्का मारला."

"आणि ही?"

"फ्रॉम. म्हणजे लिहिलं कुणी. ही सेंडर, म्हणजे टाकलं कुणी."

"लिहिणारा नि टाकणारा वेगळा?"

"असू शकतो. साहेब सांगतो, कारकून टाकतो. नियम करणाऱ्यांनी आधीपासून दोन वेगळ्या जागा ठेवल्यात. आणि ही रिप्लाय-टू. उत्तर कुठे यावं."

"ही कुणी लिहायची?"

"ज्याने मेल लिहिली त्याने. त्याला वाटलं, उत्तर भलतीकडे यावं, तरच. नाही लिहिली तर उत्तर सरळ त्याला."

काकूंनी सुईचं टोक त्या ओळीखाली धरलं. सोमवारची त्यांचीच मेल होती ती. त्यात रिप्लाय-टू होतं, समोर यादीचा पत्ता. "ही मी नाही लिहिली."

"नाही. यादीने लिहिली. प्रत्येकाच्या मेलवर लिहिते."

"म्हणजे मी तात्यांना विचारलं, दगड बदललात का. आणि तुम्ही माझ्या तोंडी घातलंत, 'उत्तर सगळ्यांसमोर द्या.' माझ्या तोंडी, भाऊजी! मी असं म्हटलंच नव्हतं."

"सगळे असंच करतात, वहिनी. निम्म्या याद्या असंच करतात."

"आणि उरलेल्या निम्म्या?"

"त्या पहिल्या निम्म्यांना शिव्या घालतात."

भाऊजींनी कबूल केलं की हे भांडण फार जुनं आहे, याद्यांइतकंच. त्यावरचे लेख, लेखांना उत्तरं, उत्तरांना उत्तरं, सगळं त्यांनी वाचलेलं होतं. यादीला स्वतःचं बोलायला वेगळ्या ओळीसुद्धा दिलेल्या आहेत: ही यादी कुठली, बाहेर कसं पडायचं, यादीवर टाकायचं तर पत्ता कोणता. त्या शेवटच्या ओळीला लिस्ट-पोस्ट म्हणतात. मेल वाचायच्या प्रोग्रॅमने ती ओळ वाचून 'यादीला उत्तर' असं वेगळं बटण द्यावं, की भांडण मिटलं.

"मग दिलं का बटण?"

"काहींनी दिलं. बऱ्याच फोनवर नाही. ओळ आहे, वाचणारा नाही. म्हणून मी आपली ती रिप्लाय-टूची ओळ दडपून वापरली. आणि वहिनी, एक सांगू? त्या ओळीनेच आपली यादी जगली. नाहीतर सगळी उत्तरं खासगीत गेली असती. आज दहा हजार उत्तरं साठलीत ती कुठून?"

ते खरं होतं, आणि काकूंना ते खरं असल्याचाच राग आला.

त्यांनी झाकण खाली घातलं. संध्याकाळी बेकरीवाल्याला जेवायला वाढताना एकदम म्हणाल्या, "ज्याला टोक दिसत नाही, त्याला अक्षर कसं दिसतं हो?"

"कुणाला?"

"तात्यांना. मेल लिहिली कशी त्यांनी?"

"मोठ्या अक्षरात लिहिली असेल," नवरा म्हणाला आणि भाजी मागितली.

काकूंचं समाधान झालं नाही. गुरुवारी सकाळी त्यांनी पुन्हा छत ठोकलं. "यादीकडे मेल येते ती, आणि यादीतून बाहेर जाते ती, दोन्ही एकसारख्याच असतात का?"

"नाही. यादी थोडी फिरवाफिरव करते."

"आलेली असते का तुमच्याकडे? जशीच्या तशी?"

भाऊजींनी नुसतं बघितलं. ज्याने टेलिफोन खात्यातल्या दिवसांची बसची तिकिटं जपली, त्याला हे विचारायचं! जिन्याखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर चौदा वर्षांची प्रत्येक मेल आली तशी पडून होती.

दुरुस्तीचं एक साधं तंत्र असतं. भाग बिघडला कसा हे कळत नसेल तर जुना आणि नवा शेजारी शेजारी पांढऱ्या कापडावर ठेवायचे आणि बघत राहायचं. काकूंनी तात्यांच्या त्या मेलच्या दोन प्रती छापून घेतल्या. एक यादीकडे आलेली, एक यादीतून गेलेली. टेबलावरचे स्क्रू बाजूला सारले, दोन्ही कागद शेजारी लावले आणि सुईचं टोक एकेका ओळीवरून दोन्हीकडे सरकवत गेल्या. विषयाआधी यादीने आपलं नाव चिकटवलं होतं. शेवटी दोन ओळींचं शेपूट जोडलं होतं. रिप्लाय-टू घुसवलं होतं. हे सगळं भाऊजींनी सांगितलंच होतं.

मग सुई थांबली.

"हे कोण?"

आलेल्या प्रतीत फ्रॉमसमोर तात्या होते. आणि खाली सेंडरसमोर एक अनोळखी पत्ता, पाणीपुरवठा कचेरीतला. गेलेल्या प्रतीत सेंडरसमोर यादीचा पत्ता.

भाऊजी वाकले. मफलर कागदावर लोंबला. "सून पाणीपुरवठ्यात कारकून आहे ना त्यांची? तात्यांचा पत्ता तिने आपल्या खात्यात जोडून घेतला असणार. तसं असलं की मेल पाठवणारं यंत्र आपसूक लिहितं, लिहिणारा हा, टाकणारी ही. तिला स्वतःला माहीतसुद्धा नसेल."

"आणि आपण काय करतो?"

"आपण... टाकणाऱ्याच्या जागी यादी लिहितो. यादी पुढे टाकते ना. जागा एकच आहे."

"जागा एकच आहे म्हणून आधी बसलेल्या बाईला उठवायचं?"

भाऊजींना हसूही आलं आणि लाजही वाटली. ते मफलर नीट करत बसले.

"हे कधीपासून?" काकूंनी विचारलं.

ते शोधायला भाऊजींना तासभर लागला. तेवढ्यात काकूंनी एका मशीनचा पट्टा बदलला, पण मन तिथे नव्हतं. पट्टा उलटा बसला, परत काढावा लागला. भाऊजी आकडा घेऊन परत आले. सहा वर्षं, दोन महिने. दोनशे एकाहत्तर मेली. सहा वर्षं ती बाई दर खेपेला आपलं नाव सांगून दारात आली होती आणि दारातच ते पुसलं गेलं होतं.

काकूंनी त्या मेली वाचायला घेतल्या. आधीच्या आणि नंतरच्या. सहा वर्षांपूर्वीपर्यंत तात्या चार शब्दांत उत्तर द्यायचे: टोक बोथट, घासून घे. त्यानंतर उत्तरं लांब होत गेली. आधी उलटा प्रश्न: कापड कुठलं, सुई कितीची, टाका सरळ चुकतो की वळणावर? मग एकेक गोष्ट तपासायला लावायची. काकूंनी स्वतः त्या उत्तरांवरून कितीतरी मशीनी सोडवल्या होत्या आणि म्हटलं होतं, म्हाताऱ्याला वयाने सबुरी आली.

पण हे सगळं त्या सेंडरच्या ओळीत कुठे होतं? ती ओळ एवढंच सांगत होती की टाकलं कुणी. शब्द कुणाचे, ते चिठ्ठीला ठाऊक नसतं. ते विचारावंच लागतं.

शुक्रवारी पाणीपुरवठ्याच्या कचेरीला सुट्टी होती. फोन सुनेने उचलला.

"तात्या बोलणार नाहीत, काकू. त्यांनी सांगून ठेवलंय."

"मला तुझ्याशीच बोलायचंय. सहा वर्षं तू टाकतेस त्यांच्या मेली."

 "तुम्हांला कुणी सांगितलं?"

"तुझ्या मेलींनीच. दर वेळी सांगत होत्या. आम्ही पुसत होतो."

"मी काही लपवलं नाही हो. ते सांगायचे, मी लिहायची."

"सहाही वर्षं?"

मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, "कोण आहे? ती पोरगी असेल तर सांग मी मेलो."

"तात्या म्हणतायत ते मेले," सून म्हणाली.

"बरं झालं. मग आता मध्ये बोलणार नाहीत. तू सांग."

सून हसली. मग जरा खालच्या आवाजात बोलायला लागली. पहिली दोन वर्षं ते सांगायचे आणि ती लिहायची. मग ती विचारायला लागली, असं का, तसं का. कचेरीतून आल्यावर दगडाशी बसायला लागली. मग एक दिवस तात्या म्हणाले, तूच लिही आणि मला वाचून दाखव. "आता मी लिहिते, वाचून दाखवते. त्यांनी मान हलवली की पाठवते. नाही हलवली की पुसते."

"म्हणजे लिहिणारं कोण?"

"तेच तर मलाही नाही सांगता येत, काकू." 

आता म्हाताऱ्याला राहवेना. फोन त्याच्या हातात गेला. "तिचंच डोकं आणि माझी मान. लिही तुझ्या यादीवर असं. लिही की म्हातारा वर्षभर खोटं बोलला."

"तुम्ही मला एकटीला सांगितलं होतं, तात्या. फुटलं ते माझ्या यादीने. चूक आमची आहे. आता या परत."

"मी येऊन काय करू? मला ना टोक दिसत, ना मेल. तिला घे. पण मास्तरची शटलं आधी परत जाऊ देत. त्याने मागितलीत."

सुनेने फोन परत घेतला. "काकू, मी येते. माझ्या नावाने येते. पण एक आहे. मला मास्तरांशी बोलायचंय, त्यांच्याशी एकट्यांशी. त्यांच्या नऊपैकी सहा करून झालीत, ती चांगली झालीत, मला ते त्यांना पटवायचंय. पण मी रिप्लाय दाबलं की ते सगळ्यांसमोर जाणार. सासऱ्यांचं जे झालं तेच. ती तुमची ओळ असेपर्यंत मी नाही येत."

काकूंनी फोन ठेवला. आता गोष्ट सरळ त्यांच्या पदरात पडली होती. ओळ काढली तर सून येणार, आणि तीनशे ऐंशी जणांना टोक काढणारा हात उरणार. ओळ काढली तर उत्तरं खासगीत जाणार, आणि भाऊजी म्हणतात तशी यादी वाळतही जाईल.

भाऊजींनी मधला मार्ग काढून बघितला. नियमात अशी सोय आहे म्हणे, की फ्रॉममध्ये दोन नावं घालता येतात. दोघांनी मिळून लिहिलं तर दोघांची. मात्र मग टाकणारा कोण हे सांगावंच लागतं. काकूंना हे इतकं आवडलं की त्यांनी टेबलावर हात आपटला. "अगदी सासरा-सुनेसाठीच लिहिलाय की हा नियम!" शनिवारी भाऊजींनी दोन नावांची एक मेल बनवून स्वतःलाच चार ठिकाणी पाठवून बघितली. तीन ठिकाणच्या दारातून ती परत आली. हल्ली दोन नावांचा पाहुणा म्हटलं की मेलवाल्या मोठ्या कंपन्यांना फसवणुकीचा वास येतो.

"नियमात आहे आणि दारात नाही," भाऊजी म्हणाले.

"मग नियम कशाला करतात?"

"करणारे वेगळे, दार उघडणारे वेगळे."

रविवारी काकूंनी ठरवलं. भाऊजींनी शेवटचं एकदा सांगून बघितलं, "वहिनी, यादी मरेल." त्यावर काकू म्हणाल्या, "मशीन चालावी म्हणून मी दुसऱ्याच्या मशीनचा भाग काढून घालत नाही. हे दुसऱ्याचं आहे. उत्तर कुठे यावं हे सांगायचं काम लिहिणाऱ्याचं. यादीने यादीपुरतं बोलावं."

भाऊजी जिन्याखाली गेले. रिप्लाय-टूची ओळ काढली. सेंडरला हात लावणं बंद केलं. खालचं शेपूट आणि विषयाला चिकटवलेलं नावही काढलं. यादीच्या ओळी तेवढ्या ठेवल्या, त्या तिच्याच होत्या. काकूंनी सगळ्यांना लिहिलं:

"आजपासून रिप्लाय दाबलं की उत्तर फक्त लिहिणाऱ्याला जाईल. सगळ्यांच्या कामाचं असेल तर यादीचा पत्ता हाताने घाला. त्रास आहे, मला माहीत आहे. तात्यांनी मला एकटीला लिहिलेलं पत्र आमच्या चुकीने तुम्ही सगळ्यांनी वाचलं. ती चूक त्यांची नव्हती. टोक आता त्यांची सून काढते आणि ते बोटाने तपासतात. ती तुम्हांला स्वतः लिहील."

त्याच झटक्यात त्यांनी आणखी एक पत्र लिहिलं, मेलचे नियम ठरवणाऱ्या मंडळींच्या चर्चेच्या यादीला. भाऊजींनी ते इंग्रजीत उतरवलं, पण वाक्यं काकूंची होती. याद्यांना 'हे पुढे मी टाकलं' असं सांगायला स्वतःची जागा द्या, म्हणजे त्या दुसऱ्याच्या जागेवर बसणार नाहीत. आणि बटणं करणाऱ्यांना सांगा की दोन बटणं द्या, एक माणसाचं, एक यादीचं. खाली लिहिलं: शिलाई मशीन दुरुस्ती. दोन दिवसांनी एका गृहस्थाचं उत्तर आलं की मुद्दा बरोबर आहे आणि तो पूर्वीही अनेकदा मांडला गेलेला आहे. काकूंनी भाऊजींना विचारलं, हे हो म्हणतायत की नाही? भाऊजी म्हणाले, ते असंच बोलतात.

यादी खरंच रोडावली. आठवड्याला चाळीस मेली यायच्या, त्या नऊवर आल्या. लोक कुरकुरले. एकाने लिहिलं, उत्तर कुठे गेलं तेच कळत नाही, घरातल्या चाव्यांसारखं झालंय. एकाने यादीचा पत्ता फोनच्या मागे चिकटपट्टीने लावला आणि तसा फोटो पाठवला.

सुनेची मेल त्यानंतरच्या बुधवारी आली. फ्रॉममध्ये तिचं नाव. काकूंनी चिठ्ठी उलगडून बघितली. सेंडरची ओळच नव्हती, कारण लिहिणारी आणि टाकणारी एकच होती. तिने टोक कसं काढते ते लिहिलं होतं: दगड कुठला, तेल किती, कोन कसा धरायचा, आणि घासून झाल्यावर तात्या डोळे मिटून अंगठ्यावर टोक कसं फिरवतात. त्यांना खटकलं तर ती पुन्हा बसते. ज्यांना आपली शटलं परत हवीत त्यांनी तिला एकटीला कळवावं. ती परत करेल, मनात काही धरणार नाही.

मास्तर यादीवर गप्प होते. गुरुवारी गप्प, शुक्रवारी गप्प.

"उत्तर दिलं असेल का हो त्यांनी?" काकू म्हणाल्या.

"दिलं असेल तरी आपल्याला दिसायचं नाही. ते आता आपल्या दारावरून जातच नाही."

"जिन्याखाली?"

"जिन्याखालीही नाही."

काकूंना हे असं काही होईल हे समजत नव्हतं असं नाही. पण चौदा वर्षं या यादीतलं प्रत्येक उत्तर त्यांच्या डोळ्यांखालून गेलं होतं. दिवसभर त्या झाकण उचलून बघत राहिल्या आणि खाली ठेवत राहिल्या.

शनिवारी सुनेची एक मेल आली, काकूंना एकटीला. "काकू, मास्तरांचं पत्र आलं. उरलेली तीन शटलं आज घासायला घेतेय. तात्या सकाळपासून दगडाजवळ खुर्ची टाकून बसलेत, मला काम करू देत नाहीत."

काकूंनी लगेच रिप्लाय दाबलं. "काय म्हणाले मास्तर?" असं टाइप केलं. बोट पाठवायच्या बटणावर गेलं. मग त्यांनी एकेक अक्षर मागे घेतलं आणि त्याच्या जागी लिहिलं, "तात्यांना खुर्चीसकट बाहेर उन्हात ठेव."

तेवढ्यात पॅन्टवाल्या बाई दारात आल्या, मशीन खांद्यावर. "काकू, परवापर्यंत चांगली चालत होती हो!"

"ठेवा इथे," काकू म्हणाल्या. झाकण खाली घातलं, भिंगाचा चष्मा चढवला, सुईखालच्या पट्टीचे दोन स्क्रू सैल केले आणि आत दातांमध्ये दडपून बसलेला कापूस चिमट्याने ओढून काढायला लागल्या.